आल्प्सला निघालेलं पोलकं

माई,

उद्या अमावास्या आणि उद्याच बोट. हे काही शेवटपर्यंत तुमच्या घशाखाली उतरलं नाही. "एवढी मोठी कंपनी, तिला एक पंचांग मिळत नाही गो?" असं तुम्ही मला उठता-बसता विचारायचात. बोटीची तारीख जशी काही मीच काढली होती! आता ट्रंका बांधून दारात ठेवल्यात, दुपारचं सगळं आवरलंय, मी ओट्यावर बसलेय आणि वाद घालायला तुम्ही नाही. म्हणून लिहितेय. गप्प बसायची सवय तुम्ही मला लावलीच नाहीत.

भेटायला येणारी माणसं आधी म्हणतात, "पोरकी झालीस गं." मग पाणी प्यायल्यावर हळूच म्हणतात, "पण तशी तू नवीनच. तीन वर्षांत कितीशी माया लागणार?" ह्यांना काय सांगायचं, माई? लग्न माझं तुमच्या मुलाशी झालं, संसार मी तुमच्याशी केला. हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती तोच सूत कातायची यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीने ह्यांना काम शिकायला स्वित्झर्लंडला धाडलं, आणि मी गिरगावातली पोर अंधेरीच्या ह्या रानात तुमच्या पदरात पडले. रानच म्हणायचे मी. मरोळच्या वाटेला घरं कमी आणि ताड जास्त. पहिल्याच दिवशी मी विहिरीत पोहरा सोडला तो दोरासकट. तुम्ही काठावरून वाकून बघितलंत आणि म्हणालात, "बरं झालं. तू तरी वर राहिलीस." मी म्हटलं, "दोर बांधून ठेवायचा असतो, हे सासरच्यांनी आधी सांगायला नको?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि खो खो हसलात. त्या दिवसापासून मी उलट उत्तरं द्यायला लागले आणि तुम्ही ती मागून घ्यायला लागलात.

मग यंदाच्या थंडीत ह्यांचं पत्र आलं. उन्हाळ्यात कारखाना पंधरा दिवस बंद असतो. डोंगरातल्या एका खेड्यात एका शेतकरी म्हातारीच्या घरात खोली ठरवलीय. बायकोला बोलावून घ्यायची सोय कंपनी करतेय, तिने यावं, पंधरा दिवस राहावं आणि पुढच्या बोटीने परत जावं. पत्राबरोबर त्या गावाचं चित्राचं कार्डही होतं. मी पत्र मोठ्यानं वाचलं आणि तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवस राहायला महिनाभर जायचं-यायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही माळ्यावरून ट्रंक खाली काढून तिला फडका मारताय.

तुमची खरी अडचण वेगळीच होती. "त्या डोंगरावर देव कोणता?"

"देव नाही माई. डोंगरच आहे."

"अगो, देव नाही तर एवढं चढायचं कशाला?"

"हवा खायला."

"इथे काय हवेला रेशन लागलंय? खा की."

"बर्फ बघायचा."

"बघितलास. मग?"

"मग बाकावर बसायचं."

"बसायला हा ओटा काय वाईट आहे?"

ह्यावर मी चिडायचे. पण तुमचंही अगदीच चूक नव्हतं. आपली माणसं डोंगर चढतात ती वर कोणीतरी वाट बघत असतं म्हणून. देवी असेल, खंडोबा असेल, निदान शेंदूर फासलेला एखादा धोंडा तरी असेल. नारळ फुटला, प्रसाद वाटला की उतरायचं. नुसत्या डोंगराला भेटायला जायचं ही गोष्ट तुम्हाला परक्याच्या घरी बिनबोलावता जेवायला गेल्यासारखी वाटत होती. महिनाभर तो वाद पुरला आपल्याला. दुपारी चिंच निवडता निवडता एकीने सुरू करायचं आणि चहाला उकळी आली की दुसरीने थांबवायचं.

तयारी मात्र तुम्ही अशी केलीत की मला वाटलं, आपण आल्प्सला नाही, दुष्काळी मुलखात निघालोय. मेतकूट, सोडे, तिरफळं, कोकमं. मरोळ नाक्यावरच्या कारागिराकडून डबे झाळून आणलेत, म्हणजे समुद्राची हवा लागायला नको. त्या म्हातारीसाठी वेगळा डबा. "तिला विचार, भात शिजवायला पातेलं देईल का. आणि सांग, मीपण तुझ्यासारखीच, नवरा जाऊन एकटीनं पोर वाढवलेली. मग देईल." तुम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं, तिची भाषा माहीत नव्हती, पण तिचं पातेलं मिळणार ह्याची तुम्हाला खात्री होती.

ह्यांनी लिहिलं होतं, उन्हाळ्यातही सकाळी दात वाजतात, लोकरीचं आण. तुम्ही म्हणालात, "वसंताला लहानपणापासून थंडी बाधते. उन्हाळा तो उन्हाळा." आणि ट्रंकेत सगळ्यात वर, आधी हाताला लागेल असा, वाळ्याचा पंखा ठेवलात. मी तो काढायचा, तुम्ही परत ठेवायचा. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं तुम्ही पुटपुटायचात. हे मी म्हणायला हवं होतं.

शेवटी कोट दिला रेजिना मावशीने. विहिरीपलीकडची आपली ही शेजारीण, तिची माणसं ह्या गावात आपल्याही कितीतरी आधीपासूनची. तिचा भाऊ बोटीवर कामाला होता, त्याचा तो जाड काळा कोट. पण मावशीने तो ठेवला होता मनोरीहून आणलेल्या सुक्या बोंबलांच्या पेटीत, कसर लागू नये म्हणून! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तीन दिवस उन्हात टाकला तरी वास जाईना. मावशी म्हणाली, "काय होत नाय गो बाय. कसर मेली तर गोरा मानूस काय मरनार हाय?" आणि तुम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून माझी मजा बघत राहिलात.

माई, मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, तुम्हीही चला. कंपनीला विचारू, तुमच्या दिरांना, तात्यांना सांगू, काहीतरी करू. तुम्हाला वाटायचं मी रीत म्हणून म्हणतेय. रीतबीत काही नव्हती. मला भीती वाटत होती. हे जायच्या आधीच्या त्या थोड्या दिवसांत आम्ही बोललो होतो ते काय? "पाणी देऊ?" "छत्री घेतलीत का?" तुम्हाला किती साखर लागते, रागावलात की कुठल्या पायरीवर जाऊन बसता, हे मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नवऱ्याचं काहीच माहीत नव्हतं. त्या परक्या गावात, परक्या माणसाबरोबर, पंधरा दिवस मी करू काय? तुम्ही असलात की मधे आधार असता.

एकदा हे मी रडतच बोलून गेले. तुम्ही सुपातलं निवडणं थांबवलंत. म्हणालात, "म्हणूनच मी येत नाही. मी आले की तो माझ्याशी बोलेल. तू माझ्याशी बोलशील. दोघं मिळून मला हवं-नको विचारत बसाल आणि पंधरा दिवस संपतील. मग तुम्ही एकमेकांशी बोलायला शिकणार कधी? मी मेल्यावर?"

मी म्हटलं, "भलतंसलतं बोलू नका." तुम्ही परत सूप हातात घेतलंत. तो विषय तिथेच राहिला.

आणि मग ते प्रस्थान! अमावास्येला निघणं तुम्हाला सोसवेना. भटजींना बोलावलंत, त्यांनी पंचांग उलटंपालटं केलं आणि एक चांगला गुरुवार काढून दिला. निघायचा मुहूर्त त्या दिवशी साधायचा. माणूस नाही निघालं तरी त्याचं गाठोडं निघतं. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्याच्या अंगावरचं एखादं वस्त्र बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला. मग खरोखर निघू त्या दिवशी वाटेत ते उचलायचं. घरी मात्र परत आणायचं नाही. तात्या म्हणाले, "वहिनी, प्रस्थान फार तर चार-आठ दिवस टिकतं. तुम्ही महिनाभर आधी ठेवताय." तुम्ही म्हणालात, "समुद्र मोठा आहे. प्रस्थानही मोठंच हवं."

दोरीवरचं पोलकं काढून तुम्ही गाठोडं बांधायला घेतलंत आणि हळकुंड माझ्यापुढे केलंत. "हे तू ठेव. माझा हात नको." मला असा संताप आला! मी तुमचा हात धरून त्याच हाताने ते आत ठेवायला लावलं. "ज्या हाताचं रोज जेवते तो हात आजच कसा काय वाईट झाला?" त्या संध्याकाळी माझ्या ताटात तळलेल्या माशाची तुकडी एक जास्त होती.

युरोप पश्चिमेला आणि आपल्या पश्चिमेला रेजिना मावशी. मुहूर्तावर तुम्ही गाठोडं घेऊन विहिरीला वळसा घालून गेलात. मावशीने ते खाली ठेवू दिलं नाही. मेरीमायच्या तसबिरीपुढे मेणबत्ती सरकवून जागा केली. "हितं ऱ्हाऊ दे. बायमानसाची काळजी बायमानूसच घेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून आत आलात आणि घर डोक्यावर घेतलंत. "माझां पोलकां खंय गेलां गो?" रागावलात की तुम्हाला मालवण आठवायचं. दोरी बघितली, खुंट्या बघितल्या, गादीखाली बघितलं. मी माझं पांढरं पोलकं हातात घेऊन उभी, आणि एकदम माझ्या लक्षात आलं. माझं इथेच आहे! तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दोरीवर दोन पांढरी पोलकी शेजारी शेजारी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे, आणि दोघींनी मिळून पश्चिमेकडे बघितलं.

हसता हसता पुरेवाट झाली, माई. तुम्ही ओल्या लुगड्यात भिंतीला टेकून खाली बसलात. मी म्हटलं, "जाऊन बदलून आणते." तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "खबरदार! शास्त्र आहे. गेलं ते गेलं. मी नाही आले तर नाही, माझं पोलकं तरी बघून येईल काय आहे ते त्या डोंगरात."

मला तुमचा तो हसरा चेहरा अजून दिसतो. त्याला आठवडाही झाला नव्हता, तोच ती दुपार आली.

ती दुपार मला सांगायची आहे, पण ती तुम्हाला काय सांगू, तुम्ही होतातच. पुन्हा तोच देवाचा वाद. तुम्ही चिंच फोडत होतात. म्हणालात, "बिनदेवाचा डोंगर म्हणजे बिनमिठाची आमटी." आणि मला एकदम त्या कार्डातलं काहीतरी आठवलं. बर्फाचे डोंगर, पुढे लाकडी घरं, एक बाक, आणि कोपऱ्यात टोकदार कळसाचं चर्च! मावशीच्या घरी तर चर्चला देऊळच म्हणतात. म्हणजे मी जिंकले! धावत आत गेले. आरशामागून कार्ड काढलं, दूध उतू जात होतं ते खाली ठेवलं, आणि नाचत बाहेर आले. "हे बघा! हे बघा देऊळ! आता बोला!"

तुम्ही खांबाला डोकं टेकून बसला होतात. हातात अर्धी सोललेली चिंच. तुम्ही बोलला नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं सगळं तात्यांनी केलं. रडणारे रडले, जेवणारे जेवले. ह्यांना तार तात्यांनीच केली, "आई गेली. धीर धर." तेरावं झालं आणि मग चर्चा सुरू झाली, की सून आता जाते कुठली? वर्षाच्या आत घर सोडून, समुद्र ओलांडून, तेही हवा खायला! पोलक्याची गोष्ट कोणाच्या तोंडून फुटली देव जाणे. तात्या भरल्या घरात म्हणाले, "वहिनीनं आपल्या हातानं आपलंच प्रस्थान ठेवलंन्. आणि गेली. आता त्या प्रवासाचं नाव काढू नका."

खोटं कशाला बोलू, दोन दिवस ते माझ्या काळजात रुतून बसलं. जेवण जाईना. दोरीवरचं माझं पोलकं काढून मी ट्रंकेच्या तळाशी टाकलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. मग तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी काढताना मला तुमचं ते ओल्या लुगड्यातलं हसणं ऐकू आल्यासारखं झालं आणि मलाच हसू फुटलं. विहिरीवर, एकटीला, भर सकाळी. असं पोट धरून हसलेल्या माणसाला कसलं अशुभ बाधतं? तुमचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं, आणि तुम्ही त्यांनाच पथ्य सांगून परत पाठवलं होतंत. माणूस पोलक्याने मरत नाही.

त्याच दिवशी, इतक्या दिवसांनी, ह्यांची तार आली. तीनच शब्द. "आई कशी गेली?"

मी पत्र लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. "चिंच फोडत होत्या" लिहिलं की ते कोरडं दिसायचं. देवाचा वाद लिहिला तर वाटायचं, हे काय भलतंच, आई गेली आणि ही चेष्टा लिहिते. आणि पोलकं? पोलकं कागदावर कसं सांगायचं? ते समोर बसून, हात करून, तुमचा आवाज काढून सांगायला हवं. आणि ऐकताना त्या माणसाच्या पाठीवर कोणाचा तरी हात हवा. तेव्हा मला कळलं, मी जाणार.

तात्या आले तेव्हा मी सांगून टाकलं. ते तापले. शास्त्र, वर्ष, लोक, सगळं निघालं. तेवढ्यात रेजिना मावशी दारात. हात कमरेवर. "तात्या, एक सांगा. ते गाठोडं घरी न्यायचं नाय असं ती मना सांगून गेली. मंग मी काय करू? जल्मभर मेरीमायच्या पायाशी ठेवू?"

मी म्हटलं, "शास्त्र काढलंत ना तात्या, मग पुरतं काढा. ठेवलेलं प्रस्थान माघारी येत नाही." आणि ह्यांची तार त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "मी तरी तारेत आणखी काय लिहिणार होतो गं?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. उठताना म्हणाले, "जा. नीट सांग त्याला सगळं. किल्ली माझ्याकडे दे, तुळशीला पाणी घालायला मी येत जाईन." दादरहून, माई! तुळशीला पाणी घालायला! तुमच्या धाकट्या दिराला तुम्ही उगाच कडू म्हणायचात.

तेव्हा आता सगळं ठरलंय. उद्या सकाळी घोडागाडी आधी मावशीच्या दारी जाईल, तिथून पुढे. टोचून घेतलेला दंड अजून दुखतोय. वाळ्याचा पंखा मी काढला नाही, तुम्ही ठेवलात तिथेच आहे. म्हातारीचा डबाही घेतलाय. तिच्या पातेल्याचं काय होतं ते बघू.

एक गोष्ट राहून गेली. सणावाराला मी तुमच्या पायांवर डोकं ठेवायचे, पण तुम्ही मला आवडता असं कधी म्हटलं नाही. आपल्यात कोण म्हणतं असलं? तुम्ही मला फार आवडायचात, माई. माझी आई मला जन्म देऊन आई झाली, तुम्ही माझ्याशी भांडून झालात. आज सकाळपासून मी तशी बरी आहे. भाजी केली, जेवले, दोन वेळा रडले आणि एकदा मावशीशी तुमच्यासारखं भांडले. ती म्हणाली, "म्हातारी गेली कुठं? हितंच हाय."

भीती गेली म्हणाल तर तसं नाही. बोट लागेल त्या जिनोवाच्या धक्क्यावर हे समोर येतील तेव्हा मी त्यांना ओळखीन की नाही, ह्याचीही धाकधूक आहे. पण आता पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला माहीत आहे. त्यांनी विचारलंय आणि उत्तर माझ्याकडे आहे, साऱ्या जगात माझ्या एकटीकडे. विहिरीतल्या पोहऱ्यापासून सुरू करीन म्हणते. तेही सांगतील, तुम्ही त्यांना लहानपणी कसं झोडपलंत, कसं पोसलंत, जे मला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

तुमचा बेत तेवढा फसला, माई. आम्ही दोघांनी तुमच्यावाचून एकमेकांशी बोलायला शिकावं म्हणून तुम्ही मागे राहणार होतात. आता त्या बाकावर बसून पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलणार आहोत, सांगा बरं?